सुंदरीची नवी नक्कल

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात, आत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर, एक स्त्री मंचकावर बसली आहे. बसली आहे म्हणावे की कोसळते आहे म्हणावे, हे पाहणाऱ्याने ठरवावे. मान कलली आहे, पापण्या अर्ध्या मिटल्या आहेत, हातापायांतले त्राण गेले आहे. एका दासीने तिला मागून सावरून धरले आहे. दुसरीने तिचा हात नाडी पाहावी तसा धरला आहे आणि ती तिच्या तोंडाकडे टक लावून पाहते आहे. तिसरी पंख्याने वारा घालते. दाराशी पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा डोकावतो. खाली जमिनीवर बायका बसल्या आहेत आणि त्यांतल्या एकीने दोन्ही हातांत तोंड लपविले आहे. आपल्याकडे कोणाच्याही घरी वाईट निरोप आला, की माजघरात माणसे जशी ज्याच्या त्याच्या जागी खिळून राहतात, तसे हे चित्र आहे. मंचकसुद्धा परका वाटत नाही. असला मंचक कोणत्याही देशी घरात सापडेल, असे जॉन ग्रिफिथ्सने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे.

ह्या चित्राला ‘मरणोन्मुख राजकन्या’ असे नाव पडले, तेही इंग्रजांच्याच काळात. ग्रिफिथ्स त्यावर इतका लुब्ध झाला, की फ्लॉरेन्सचा चितारी रेषा अधिक चांगली काढील, व्हेनिसचा रंग अधिक चांगला भरील, पण ह्याहून जास्त भाव कोणी ओतू शकणार नाही, अशा आशयाची कबुली त्याने दिली. कलाशाळेच्या युरोपियन मास्तराने एवढे म्हणावे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. नाव मात्र चुकले. पुढे अभ्यासकांनी चित्राचा धागा अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्याशी जुळविला तेव्हा ध्यानात आले, की ही बाई मरत नाही. ही सुंदरी आहे. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद, त्याची ही बायको.

गोष्ट थोडक्यात सांगते. सुंदरी तोंडावर रंगाची नक्षी रेखीत आहे आणि नंद आरसा धरून बसला आहे. तेवढ्यात बुद्ध दारी येऊन भिक्षा न मिळताच परत गेल्याचे नंदाला कळते. त्याला मागे जाणे भाग आहे. सुंदरी त्याला सोडते, पण अट घालून: माझ्या तोंडावरची ही नक्षी वाळायच्या आत परत ये. तो जातो. बुद्ध आपले भिक्षापात्र त्याच्या हाती देतो, त्याला विहारात नेतो आणि तिथे त्याचे मुंडण होते. नक्षी वाळली, नंद आला नाही. चित्रात बाजूला उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातात नंदाचा मुकुट आहे. नवरा आला नाही, मुकुट आला. सुंदरीला जे कोसळवीत आहे ते दुखणे नव्हे, बातमी आहे.

हे सारे मी एवढ्या विस्ताराने सांगते आहे, कारण मला जिच्याविषयी लिहायचे आहे ती ह्या चित्राची एक नवी नक्कल आहे, आणि ती नक्कल आधी फसली आणि मग पुष्कळशी साधली, ती ह्या नावापायीच.

नक्कल करणारा माझा एक जुना विद्यार्थी. मी जळगावकडच्या एका लहान शाळेत शिकविते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही आणि चित्रकलेचे तर मुळीच झालेले नाही. कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे बायकांचे चेहरे वाचण्याची सवय आहे, एवढेच माझे भांडवल. हा मुलगा आता पुण्यात संगणकावर चित्रे करण्याच्या धंद्यात आहे. रात्री घरी बसून त्याने सुंदरीचे चित्र पुन्हा उभे करावयास घेतले आणि गेल्या उन्हाळ्यात ते मला दाखवावयास आणले.

अजिंठ्याची नक्कल करणे हा उद्योग नवा नाही, आणि त्याचा इतिहास मोठा दुर्दैवी आहे. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा मद्रास लष्करातला अंमलदार शिकारीच्या नादात ह्या दरीत आला व दहाव्या लेण्यात स्वतःचे नाव कोरून गेला. 1844 नंतर ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिलला नकला करण्यासाठी नेमले. त्याने वर्षानुवर्षे खपून भिंतींएवढ्या तैलचित्रांत लेणी उतरविली. ती चित्रे लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती; 1866 च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळी जळून गेली. गिल 1879 साली वारला. त्याचे थडगे आमच्या भुसावळला आहे. त्याची आणि पारूची कथा ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून इथे लांबवीत नाही. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचा ग्रिफिथ्स आला. 1872 ते 1885 ह्या काळात त्याने आपल्या विद्यार्थ्यांकडून, त्यांत पेस्तनजी बोमनजीसारखा पुढे नावाजलेला चित्रकार होता, शेकडो नकला करवून घेतल्या. त्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि 1885 साली तिथेही आग लागून पुष्कळ नष्ट झाल्या. एकाच लेण्यांच्या नकलांना दोनदा अग्नी मिळावा! कोणी कादंबरीत लिहिले असते, तर मी त्याला हे पटणार नाही म्हणून काढून टाकावयास सांगितले असते.

परंतु ह्याहून खेदाची गोष्ट निराळी आहे. चित्र नीट दिसावे म्हणून ह्या नकलाकारांनी मूळ भिंतीवर वार्निश फासले. पुढे निजाम सरकारने 1920 ते 1922 ह्या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी ह्या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलाविले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा पक्का केला, हे उपकारच. पण लाखेचे जे रोगण दिले ते काळाने पिवळे-तपकिरी पडले. त्यावर धूळ बसली. पुरातत्त्व खात्याने ते रोगण काढण्यासाठी पुढे पुष्कळ परिश्रम घेतले. म्हणजे ज्यांनी प्रेमाने नक्कल केली त्यांच्याच हातून मूळ चित्र काळवंडले. ह्या दृष्टीने पाहता संगणकावरची नक्कल ही भिंतीला बोटही न लावणारी नक्कल आहे. मुलाने नेहमीच्या तिकिटावर, झोतदिवा न वापरता छायाचित्रे घेतली, छापील ग्रंथांतली पूर्वीची छायाचित्रे जमविली आणि उरलेले सगळे काम घरच्या टेबलावर केले. लेण्याला त्याचा उपद्रव पैशाचाही नाही. बाकी काहीही म्हणा, हा गुण मी पहिला मोजीन.

त्याच्या कामाची रीत मला त्याने दोन दुपारी बसून समजावून दिली. चित्राचे तुकड्यातुकड्यांनी पुष्कळ फोटो घ्यावयाचे आणि फोटोशॉपमध्ये ते एकमेकांना जोडावयाचे. मग थरावर थर. एक थर केवळ रेषेचा, एक तांबड्या काव्याचा, एक हिरव्या मातीचा, एक काजळीचा. कोणताही थर झाकता येतो, उघडता येतो, फिका करता येतो. खालच्याला धक्का लागत नाही. अजिंठ्याच्या चिताऱ्याचेही असेच होते म्हणा. आधी चिखल, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू ह्यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग तांबडी रेषा, मग रंग, आणि शेवटी रेषा पुन्हा घट्ट करावयाची. फरक एवढाच, की त्याला थर झाकून पाहता येत नव्हता. हात चुकला तर भिंत चुकली.

पिवळ्या रोगणाचे त्याने जे केले ते मला विशेष आवडले. फोटोतला रंग तांबडा, हिरवा, निळा अशा तीन वाटण्यांत निराळा करता येतो. जुने रोगण निळा उजेड खाऊन टाकते, म्हणून चित्र पिवळे दिसते. जिथे रोगण निघाले आहे आणि जिथे अजून आहे, अशा शेजारशेजारच्या दोन जागा ताडून त्याने निळ्याची तूट किती हे काढले आणि तेवढीच भरली. अंदाजपंचे झगझगीत केले नाही. असे केल्यावर, मघाशी सांगितलेला तो मुकुट अंधारातून वर आला. मी प्रत्यक्ष लेण्यात तीनदा गेले आहे आणि तीनही वेळा मुकुट मला कोणीतरी बोट दाखविल्यावर दिसला होता. इथे तो आपणहून दिसला. हे यंत्राचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

आता फसले ते कुठे? भिंतीवरचा कितीतरी रंग उडाला आहे. सुंदरीच्या चेहऱ्यावर, खांद्यावर डाग पडले आहेत. चित्राच्या खालच्या भागात तर गिलाव्याची नुसती माती दिसते. पहिल्या खेपेस मुलाने ह्या जागा यंत्राकडून भरून घेतल्या. 2023 पासून फोटोशॉपमध्ये अशी सोय आली आहे, की मोकळ्या जागेभोवती रेघ ओढावी, हवे ते शब्दांत सांगावे आणि यंत्राने अगणित चित्रे पाहून जी सवय लावून घेतली आहे त्या सवयीने ती जागा भरून द्यावी. मुलाने शब्द दिले ते पुस्तकातले: मरणारी राजकन्या, अजिंठा शैली. यंत्राने हुकूम पाळला. गाल पांढरट झाले. पापण्या पुऱ्या मिटल्या. ओठ किंचित उघडे राहिले, मासिकांच्या मुखपृष्ठांवर असतात तसे. नाक थोडे सरळ झाले, हनुवटी थोडी निमुळती. सुंदर बाई होती. त्याबद्दल तक्रार नाही. पण ती गेलेली बाई होती. तिच्या पोटात आता काही चालले नव्हते.

मुलाला मी विचारले, “ही काय ऐकते आहे?”

तो म्हणाला, “बाई, ती मरतेय ना? ऐकेल कशाला?”

सगळा घोटाळा इथे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पाहुण्याने दिलेले एक नाव ग्रंथांत राहिले, ग्रंथांतून यंत्राच्या पोटात गेले आणि पाचव्या शतकातल्या बाईच्या तोंडावर येऊन बसले. चिताऱ्याने पापण्या अर्ध्या ठेवल्या होत्या, त्या उगाच नव्हेत. अर्धी पापणी म्हणजे शब्द अजून कानात आहे. मिटली पापणी म्हणजे सगळे आटोपले. माझ्या कादंबऱ्यांतल्या बायकांना मी कितीदा ह्या दोहोंच्या मध्ये उभे करण्याची खटपट केली आहे आणि ते किती कठीण असते ते मला ठाऊक आहे. यंत्राला मधली जागा आवडत नाही असे मी म्हणत नाही; यंत्राला आवडनिवड कुठली? पण सवयीने जो जातो तो रुळलेल्या बाजूलाच जातो, माणूस असो की यंत्र.

ह्या ठिकाणी हॉलंडमधल्या एका नकलेची आठवण देते. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचे ‘नाइट वॉच’ हे प्रचंड चित्र आहे. 1715 साली ते नगरभवनात हलविताना जागेत मावेना, म्हणून चारी बाजूंनी कापले गेले. डाव्या अंगाची तर दोन माणसेच गेली. 2021 साली संग्रहालयाने संगणकाकडून तेवढ्या पट्ट्या पुन्हा करून घेतल्या आणि जूनपासून तीन महिने मूळ चित्राभोवती लावून दाखविल्या. मग उतरविल्या. तिथे दोन गोष्टी अनुकूल होत्या. एक, खेरिट लुंडेन्स ह्या चित्रकाराने कापण्यापूर्वीची लहान नक्कल केलेली होती, ती लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या मालकीची आहे; म्हणजे काय हरवले हे कळत होते आणि यंत्राकडून मागितला तो केवळ रेम्ब्रांटचा हात. दुसरी, त्या पट्ट्या चित्राच्या बाहेर होत्या. चेहऱ्याला कोणी शिवले नाही. सुंदरीच्या बाबतीत आपल्याजवळ असा निर्णायक लुंडेन्स नाही. गिल आणि ग्रिफिथ्स आले तेव्हाही भिंत चौदाशे वर्षांची जुनी होती. त्या नकलाही थोड्याफार मोडक्या चित्राच्याच नकला होत.

रोममध्ये चेझारे ब्रांदीच्या संस्थेने जीर्णोद्धाराची एक शिस्त घालून दिली आहे. उडालेली जागा भरावयाची, पण बारीक उभ्या रेघांनी. लांबून पाहणाऱ्याला चित्र अखंड दिसते. जवळ जाऊन पाहणाऱ्याला कळते, की हे मूळचे नव्हे, मागाहूनचे आहे. ह्यात मला मोठी सभ्यता वाटते. घरात सून म्हणून आलेल्या मुलीने माहेरचे आडनाव विसरू नये, तसे काहीसे. मुलाला मी हे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, रेघा काढण्याची गरजच नाही बाई, भरलेला भाग स्वतंत्र थरावर ठेवतो, एका बटणासरशी जातो नि येतो. ह्याहून उत्तम रेघ कोणती? पण पुढे त्याने छापील प्रत काढली तेव्हा बटण कुठे राहिले? छापल्यावर सगळे थर एक होतात. ज्याच्या घरी ती प्रत जाईल त्याला मूळ कोणते आणि भर कोणती हे कोण सांगणार? हा वाद आमच्यात बरेच दिवस चालला. त्याचे म्हणणे असे, की लोकांना अखंड चित्र हवे असते. फाटके चित्र भिंतीवर कोणी लावत नाही. ते खोटे नाही. दिवाळीच्या सुमारास घर रंगवून झाल्यावर भिंतीवर मातीचे डाग असलेले चित्र लावा म्हटले, तर माझ्याच घरचे ऐकणार नाहीत.

दुसरी नक्कल त्याने श्रावणात आणली. हिच्यात चेहरा यंत्राने भरलेला नाही. चेहऱ्यावर जेवढी मूळची रेषा आहे तेवढीच ठेवली आहे, रोगणाचा पिवळेपणा काढला आहे, आणि डागांच्या जागी भोवतालच्या कातडीच्या रंगाचा, पण एक छटा फिका असा साधा हात दिला आहे. नाकडोळा नवा नाही. दाग दिसतात, पण ओरडत नाहीत. सुंदरी पुन्हा ऐकू लागली आहे. जमिनीवरच्या बायकांच्या बाजूला माती होती, तिथे मातीच ठेवली आहे.

आणि ह्या खेपेस त्याने एक गोष्ट अशी केली, की जी गिल, ग्रिफिथ्स किंवा 1909 ते 1911 मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार इत्यादींना घेऊन आलेल्या लेडी हेरिंगहॅम, ह्यांपैकी कोणालाच करता आली नसती. ब्लेंडर म्हणून एक फुकट मिळणारे साधन आहे. त्यात त्याने सबंध सोळावे लेणे उभे केले. सुमारे पासष्ट फूट लांबरुंद मंडप, वीस खांब, समोर पाय खाली सोडून बसलेला बुद्ध, आणि भिंतीवर आपली सुंदरी. मग त्या मंडपात उजेड सोडला. यंत्र उजेडाचा एकेक किरण मोजते: दारातून आला, फरसबंदीवर आपटला, खांबाला लागून अर्धा विझला, उरलेला भिंतीवर गेला. एका देखाव्याला त्याचा संगणक रात्रभर खपत असे.

पडद्यावर मी त्या मंडपात चालत गेले. वाचकहो, अजिंठ्याला सुट्टीच्या गर्दीत गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे, की तिथे चालता येत नाही, ढकलले जाता येते. (सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.) इथे मी एकटी होते. खांबांच्या रांगेमागून चित्र तुकड्यातुकड्यांनी दिसते, हे प्रथमच नीट लक्षात आले. आधी दाराशी डोकावणारा म्हातारा. मध्ये खांब. मग पंख्याची दासी. पुन्हा खांब. मग सुंदरी. चिताऱ्याने चित्र काढले ते चौकटीत टांगण्यासाठी नव्हेच. भिक्षूने खांबामागून चालत जाता जाता पाहावे यासाठी. आणि तो भिक्षू कोण? घर सोडून आलेला. ह्या लेण्याचे दान वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव ह्याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात केले. त्याचा लेख बाहेरच्या भिंतीवर आहे आणि म. म. मिराशींनी त्याचे संपादन केले आहे. मंत्र्याने भिक्षूंना राहावयास घर दिले आणि त्या घराच्या भिंतीवर, रोज जाता-येता दिसेल अशी, मागे राहिलेली एक बायको काढून ठेवली. धर्माच्या बाजूने पाहता ही नंदाच्या मोक्षाची कथा. पण चिताऱ्याने नंदापेक्षा सुंदरीवर जास्त हात फिरविला आहे, हे कोणीही पाहावे. ग्रंथांतल्या सपाट पानावर मला हे कधी सुचले नव्हते.

दोष उरले आहेत. पडद्याचा उजेड मागून येतो, भिंतीचा समोरून. त्यामुळे तांबड्या काव्याला एक काचेची चमक येते, जी मातीला शोभत नाही. ब्लेंडरमधल्या खांबांना ओल नाही, वटवाघळांचा वास नाही, हे तर म्हणण्यातच अर्थ नाही. परंतु भिंतीचा खडबडीतपणा त्याने एकसारखा दिला आहे, तो बरा नाही. मूळ गिलावा कुठे फुगला आहे, कुठे बसला आहे, आणि दासीच्या दंडावरून उजेड जो वळतो त्यात चिताऱ्याच्या छटेइतकाच त्या फुगवट्याचाही वाटा आहे. भिंतीचा चढउतार मापून घेण्याची साधने आता निघाली आहेत, ती संस्थांना परवडतात. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार ह्यांनी अजिंठ्याची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर पूर्ववत करण्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली आहेत. त्या मानाने रात्रीच्या फुरसतीत एकट्याने केलेल्या ह्या कामाकडून अधिक मागणे अन्यायाचे होईल. तरी मी मागितले.

गणपतीच्या सुट्टीत ह्या दुसऱ्या नकलेची एक मोठी प्रत आम्ही शाळेच्या व्हरांड्यात लावली. खाली नाव काय घालावे ह्यावर पुन्हा थोडी चर्चा झाली. मुलाला जुनेच नाव हवे होते, कारण त्या नावाने लोक चित्र ओळखतात. मी ‘सुंदरी’ एवढेच लिहिले. सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत तिथे डबे घेऊन बसतात. त्यांतल्या एकीने मला विचारले, की बाई, तो टोपी घेऊन उभा असलेला माणूस आत का जात नाही? मी तिला सांगितले, ती टोपी नव्हे, मुकुट आहे. आत का जात नाही ते मात्र तिचे तिनेच शोधावे म्हणून वर्गाची घंटा देऊन टाकली.

मुलगा आता उजव्या बाजूच्या दोन कंचुकींवर काम करतो आहे. त्यांचे चेहरे फार झिजले आहेत, त्याला वर्ष लागेल.